'हातसडीचा' तांदूळ : सडणे आणि कांडणे यांत फरक काय?

पाचपाखाडीकर
परवा जांभळी नाक्यावरून वाडा कोलम आणला. पाकिटावर 'हातसडीचा' असं छापलेलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं ते वाचलं आणि म्हणाली, "आई, सडलेला तांदूळ का आणलास?" तिला अर्थ सांगता सांगता माझाच गळा दाटून आला. हा शब्द मी शेवटचा ऐकला तो पणजीच्या तोंडून.

पणजी म्हणजे आईची आजी, वाडा तालुक्यातली. वाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. पंचविशीच्या आत नवरा गेला, पदरात तीन पोरं. गावातल्या दोन-तीन मोठ्या घरांचं कांडप करून तिनं ती वाढवली. मजुरी म्हणून थोडे तांदूळ, कणी आणि कोंडा. कण्यांची पेज पोरांना, कोंडा कोंबड्यांना. ती कधी 'सडते' म्हणायची, कधी 'कांडते'. आम्हा मुलांना दोन्ही सारखंच वाटायचं. नेमका फरक कुणी सांगेल का?

देशावरची
फरक आहे. कांडणे म्हणजे मुसळाने कुटणे, मग ते काहीही असो: मिरची, हळद, भात. कांडताना वस्तू फुटली, तिचा चुरा झाला तरी चालतं. सडताना मात्र दाणा अख्खा ठेवून नुसतं साल काढायचं असतं. आमच्याकडे बाजरीच्या खिचड्यासाठी बाजरी ओलवून सडतात, खिरीसाठी गहू सडतात. साल सुटलं की सुपात पाखडायचं. जोर जास्त झाला तर पीठ होतं, कमी पडला तर साल तसंच.

व्याकरणाचंही सांगते. कुजणे या अर्थाचं 'सडणे' अकर्मक, हे सकर्मक. 'तांदूळ सडले' म्हणजे वाया गेले. 'पणजीने तांदूळ सडले' म्हणजे खाण्याजोगे झाले. सगळा अर्थ त्या 'ने'वर. लेकीला असंच सांगा, लक्षात राहील.

ऐरोलीचा मालवणी
छान सांगितलंत. भाताचं काम टप्प्याटप्प्यानं चालायचं. आधी घिरटात (भात भरडायच्या जात्यात) भरडून तूस काढायचं, मग उखळात (आमच्याकडे व्हायनात, म्हणजे जमिनीत बसवलेल्या दगडी उखळात) सडायचं. प्रत्येक सडीला कोंडा सुटतो आणि तांदूळ उजळत जातो. तिसऱ्या सडीला 'तिसडी' असा वेगळा शब्दच आहे. सड न दिलेला तो असडी. हातसडीचा तांदूळ लालसर दिसतो तो अंगावर कोंडा राहतो म्हणून.

'कांडप' अजून जिवंत आहे हं. उन्हाळा आला की ठाण्यात, नवी मुंबईत डंकाच्या (म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या मुसळांच्या) गिरण्यांवर 'मिरची कांडप', 'मसाला कांडप' अशा पाट्या दिसतात. 'सडणे' तेवढं पाकिटावर उरलं. आणि 'उखळ पांढरं होणे' आठवा. भरभराटीसाठी आपण म्हणतो ते ह्याच तांदळाच्या पांढरेपणावरून.

पाचपाखाडीकर
तुम्ही उखळाचं लिहिलंत आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पणजीचं उखळ तर कायमच पांढरं असायचं, पण दुसऱ्यांच्या तांदळानं.

'दाणा अख्खा' हे वाचून तिचं एक वाक्य आठवलं. मी सात-आठ वर्षांची असताना हौसेनं मुसळ दणादण आपटत होते. ती म्हणाली, "मारू नको गं, नुसतं सोड. त्याच्या वजनानं जाऊ दे. दाना दुखला नाय पायजे." ती उजव्या हातानं मुसळ उचलून सोडायची, दुसऱ्या खेपेला डाव्या हातानं, आणि कडेला उडालेले दाणे पायाच्या अंगठ्यानं आत ढकलायची. गावात भाताची गिरणी आल्यावर बाहेरचं काम गेलं, तरी घरचे तांदूळ ती सडतच राहिली.

एक गोष्ट मात्र आईच्या मनातून अजून जात नाही. आईच्या लग्नाचे सगळे तांदूळ पणजीनं सडले. आणि लग्नाआधी घाणा भरायच्या विधीत, दोन मुसळं आंब्याच्या पानांनी बांधून सवाष्णींनी हात लावायची वेळ आली तेव्हा, ती विधवा म्हणून आपणहून मागे जाऊन उभी राहिली. कुणी तिला पुढे बोलावलं नाही. ज्या घरात मुसळाला तिच्याइतका कुणाचाच हात लागला नव्हता, त्या घरात. हे चुकलंच आमचं.

ते मुसळ आता माझ्याकडे आहे. मधोमध, जिथे तिची मूठ बसायची, तिथे लाकूड झिजून बारीक झालंय. माझी मूठ तिथे बरोबर बसते. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, इथेच ठाण्यात. घाण्याला हेच मुसळ बांधायचं आणि पहिला हात माझ्या आईनं लावायचा, असं भाचीनं सांगून ठेवलंय. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई अजून हो म्हणालेली नाही.