पानातली बुरशी सबकल्चरनंतर गप्प झाली, मदत हवी आहे

हिरवी_हायफा:

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. विषय एंडोफाइट, म्हणजे निरोगी झाडाच्या आत, त्याला आजारी न पाडता राहणाऱ्या बुरश्या. एका औषधी झुडपाच्या पानांतून काही वेगळ्या केल्या. पानं आधी ७०% अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पुन्हा अल्कोहोलमध्ये आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात धुतली. तुकडे क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखणारं अँटिबायोटिक) घातलेल्या पीडीएवर, म्हणजे बटाट्याच्या आगर माध्यमावर, ठेवले. शेवटच्या धुवणाचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरलं होतं, त्यावर काहीच उगवलं नाही. तेव्हा बुरशी पानाच्या आतलीच, असं धरून चालले आहे.

त्यातली एक करडी, कापसासारखी. प्लेट उलटी केली की खालून काळपट हिरवी दिसते. तिच्या ब्रॉथचा (द्रव माध्यमाचा) इथाइल अ‍ॅसिटेट अर्क कागदी डिस्कवर घेऊन स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर लावला, तर डिस्कभोवती कातरल्यासारखा स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न उगवलेलं वर्तुळ! गाइड खूश, मी त्याहून खूश. पण पुढच्या सबकल्चरांत (जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर वाढवताना) झोन बारीक होत गेला आणि आता जवळजवळ नाहीच. वाढ मात्र झकास, उलट आधीपेक्षा जोमात. माध्यम, तापमान, सगळं तेच आहे.

हे कायमचं गेलं का? पानांचा अर्क माध्यमात घातला तर परत येईल का? जाणकारांनी सांगावं.

जुनी_स्लँट:

दुखणं जुनं आहे, घाबरू नका. कॅम्पटोथेका झाडातल्या फ्युजेरियम सोलानीचं उदाहरण वाचा. ती बुरशी कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य बनवत होती, पण प्रयोगशाळेत पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्यावर उत्पादन घसरलं. २०११ मध्ये कारण पुढे आलं. त्या द्रव्याच्या वाटेवरची काही एन्झाइम्स बुरशीची स्वतःची होती, पण स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे कळीचं एन्झाइम तिला झाडाकडून घ्यावं लागत होतं. वर सातव्या सबकल्चरपर्यंत तिची स्वतःची जनुकंही बदलली होती. बुरशी परत जिवंत झाडात सोडून पाहिली. झाडात ती नांदली, पण द्रव्य काही बनवेना.

तुमच्या बाबतीत इतक्या टोकाला जाण्याआधी सर्वांत जुनी स्लँट (तिरप्या माध्यमावर बुरशी जपलेली नळी) काढा आणि तिचा अर्क आजच्या अर्काशेजारी त्याच प्लेटवर लावा. जुनीचा झोन आला तर बुरशी बदलली. तिचाही नाही आला तर आधी तुमचा जिवाणू, डिस्क आणि अर्काची मात्रा तपासा. दोन्हींचं आयटीएस सिक्वेन्सिंगही (बुरशी ओळखायला वापरतात त्या डीएनए-तुकड्याचं वाचन) करून घ्या. "जोमात वाढतेय" म्हणालात तिथेच मला शंका आली. दुसरीच कुठलीतरी बुरशी घुसून मूळचीला दाबून बसलेली असू शकते.

कंट्रोल_कुठाय:

पानांचा अर्क घालणार असाल तर एक फ्लास्क बुरशीशिवाय ठेवा. झुडूप औषधी आहे, झोन पानांचाच येईल आणि श्रेय बुरशीला जाईल! गप्प पडलेली जनुकं जागी करायला ५-अझासायटिडिनही वापरतात, ते डीएनएवरचं मिथिलेशन, म्हणजे जनुकं गप्प ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, कमी करतं. पण ते स्वतःच जिवाणूंना मारक आहे, तेव्हा तिथेही तसाच कंट्रोल हवा. हातमोजे घाला, पदार्थ विषारी आहे. मी आधी स्वस्तातले उपाय केले असते: माध्यम बदलणं, हलवत्या फ्लास्कऐवजी स्थिर ठेवणं, शिजवलेल्या भातावर वाढवणं.

आणि पेपर लिहिताना जपून. टॅक्सोमायसिस अँड्रिआनी ही यू झाडातली बुरशी टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध बनवते, असं १९९३ मध्ये सायन्समध्ये छापून आलं. प्रमाण लिटरला २४ ते ५० नॅनोग्रॅम, म्हणजे नावालाच. २०१३ मध्ये तिचा जीनोम तपासला, तर टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवण्याची जनुकं सापडली नाहीत. बाजारातलं टॅक्सॉल आजही यूच्या पेशींच्या कल्चरमधून किंवा त्याच्या पानांतल्या द्रव्यापासून अर्धसंश्लेषणाने येतं.

माझं मत विचाराल तर एंडोफाइटचा धंदा फ्लास्कमध्ये नाही, झाडातच जमला आहे. न्यूझीलंडमध्ये रायग्रास या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यात एआर१ ही एपिक्लोई बुरशी मुद्दाम सोडतात. ती पेरामिन हे कीटकांना दूर ठेवणारं द्रव्य बनवते, म्हणून अर्जेंटाइन स्टेम वीव्हिल हा भुंगेरा गवतापासून लांब राहतो. आणि जनावरांना झोकांड्या खायला लावणारं लोलिट्रेम बी हे विष ती बनवत नाही. बुरशी बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते, सबकल्चरची भानगडच नाही.

हिरवी_हायफा:

दोघांचेही आभार. जुनी स्लँट लावली, झोन आहे! पहिल्या दिवसाइतका नाही, पण डोळ्यांना दिसतो. आयटीएसला दोन्ही पाठवल्या आहेत. तोवर हिला जपू कशी? फ्रिजमध्ये फक्त एकच स्लँट उरली आहे.

जुनी_स्लँट:

आजच तिच्यावरून एकदाच प्लेट काढा, कडेचे ताजे तुकडे २०% ग्लिसरॉलमध्ये घालून भरपूर व्हायल्स भरा आणि उणे ८० ला टाका. दर प्रयोगाला नवी व्हायल काढायची, प्लेटवरून प्लेट करायची नाही. काही व्हायल्स दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवा, वीज काही सांगून जात नाही.