सायकोसिससाठी सीबीटी: मॅन्युअल मराठीत आणलं, तरी अडतंय कुठे?

चाचपडणारा:
सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) पहिल्या एपिसोडनंतर औषधं सुरू आहेत, कानात येणारे आवाज कमी झालेत पण गेलेले नाहीत, अशा तरुण रुग्णासाठी सीबीटीची (विचार आणि वागणं तपासून बदलायच्या संवाद-उपचाराची) सत्रं आखायची आहेत. मॅन्युअलचं भाषांतर केलं, तरी विचारांच्या नोंदीचा तक्ता कोराच परत येतो. घरचे म्हणतात बाधा आहे, आणि सगळ्यांनाच प्रत्येक सत्रात बसायचंय. किती सत्रं, कोणाला बसवायचं, बाधेचं काय करायचं?

तिसरी खुर्ची:
तक्ता कोरा येण्याचं एक कारण शब्दातच आहे. 'ते पाळत ठेवतात असं वाटतं' आणि 'भीती वाटते', दोन्हीकडे 'वाटतं'च. रकाने दोन (विचार आणि भावना), शब्द एक. त्याऐवजी 'मनात काय आलं?' आणि 'तेव्हा अंगात काय झालं?' असं विचारा. धडधड, हात गार पडणं, पोटात गोळा, हे लोक लगेच सांगतात. लिहिणं जड जात असेल तर फोनवर अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करू द्या. मात्र फोनवरच संशय असेल तर हे अजिबात नको.

'पुरावा काय?' हा प्रश्न मराठीत उलटतपासणीसारखा लागतो. रुग्ण एकतर गप्प होतो, नाहीतर 'तुम्ही म्हणाल ते' म्हणतो. दोन्हीत काम होत नाही. त्यापेक्षा दोन-तीन शक्यता तुम्हीच मांडा आणि विचारा, 'यातली कुठली किती पटते? सोळा आणे, की आठ आणे?' पुढच्या सत्रात तोच आकडा पुन्हा विचारा.

सत्रांचं म्हणाल तर ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची २०१४ची मार्गदर्शिका वैयक्तिक सीबीटीची किमान १६ सत्रं सांगते, आणि कुटुंबासोबत ३ महिने ते १ वर्षात किमान १०. पाकिस्तानात तिथल्या संस्कृतीनुसार बदललेल्या सीबीटीची छोटी आवृत्तीही तपासली गेली: ६ वैयक्तिक सत्रं आणि कुटुंबासाठी १. सुरुवातीला लक्ष टिकत नाही, त्यामुळे तासाभरापेक्षा अर्ध्या तासाचं सत्र बरं.

उंबरठा:
बाधा की आजार, हा वाद जिंकायला जाऊ नका. जिंकलात तरी पुढच्या वेळी कोणी येणार नाही. आधी विचारा: हे कशामुळे झालं असं वाटतं, आतापर्यंत काय केलं, सगळ्यात जास्त भीती कशाची आहे? मग तीन अटी घाला. गोळी बंद नाही; मारणं, बांधणं, उपास, जागरण नाही; पुढची तारीख चुकवायची नाही. जागरणाची अट सगळ्यात महत्त्वाची, झोप तुटली की आवाज वाढतात.

मधला जिना:
सगळ्यांना पहिल्यापासून बसवू नका. पहिली दोन सत्रं रुग्ण एकटा. त्यात घरी काय सांगायचं, काय नाही आणि काय फक्त त्याच्यासमोरच सांगायचं, हे त्याच्याकडून ठरवून घ्या. मग घरात ज्याचा शब्द चालतो त्याला बोलवा. फक्त आईशी बोललात आणि निर्णय आजोबांचा असेल तर औषध महिन्याभरात थांबतं.

घरच्यांची मुख्य चूक म्हणजे मंदावलेपणाला आळस समजून टोमणे मारणं. सतत टीका आणि शत्रुत्व असलेल्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. मात्र अतिकाळजीचं माप सगळीकडे सारखं लावता येत नाही. एकत्र राहणाऱ्या घरात ताट वाढून देणं हा दोष नव्हे. सत्रात वाक्यं बदलून म्हणायला लावा: 'नीट वाग जरा' ऐवजी 'आठ वाजता गोळी घे, मग जेवायला बसू.' एका वेळी एकच मागणी.

दुभाषा लागला तर घरचा माणूस नको, भाऊ-बहीण तर नकोच. संशय त्यांच्यावरच असेल तर भाषांतरात नेमका तोच गळतो.

उंबरठा:
एक राहिलं. आवाज हुकूम देतात का आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने वाढत नाहीत. हो म्हणाला तर तक्ता बाजूला ठेवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला कळवा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.