पार्किंगचं डांबर आणि डॉकचं काँक्रीट: भेगांसाठी एकच सीलंट चालेल का?

मेंटेनन्सवाला

व्यापारी संकुलाच्या देखभालीचं काम आहे. पुढचं पार्किंग डांबरी, साधारण ९ वर्षांचं. मागचा लोडिंग डॉक आणि त्याला लागून असलेलं गोदाम काँक्रीटचं.

डांबरात लांबलचक भेगा आहेत, बहुतेक ५ ते १५ मिमी रुंदीच्या. ट्रक वळतात तिथं दोन ठिकाणी जाळीदार भेगा पडल्यात. डांबर आणि काँक्रीटच्या गटाराची कड यांच्यामध्ये अख्ख्या लांबीत फट आहे आणि त्यात गवत उगवलंय. डॉकच्या सांध्यांमधलं जुनं सीलंट एका बाजूने सुटलंय. गोदामात फोर्कलिफ्टच्या चाकांनी सांध्यांच्या कडा फुटायला लागल्यात.

आधी डांबराच्या भेगांत डब्यातून थंड ओतायचं सीलंट भरलं होतं, ते एका हंगामात पट्ट्या निघाव्यात तसं निघून आलं. आता एक ठेकेदार म्हणतो, सगळीकडे गरम रबरयुक्त डांबर ओतू. दुसरा म्हणतो, सगळीकडे पॉलियुरेथेन. कुणाचं ऐकावं? राउटरने (भेग कापून रुंद करायच्या यंत्राने) खाच पाडणं खरंच लागतं, की तो बिल वाढवायचा प्रकार आहे? डांबरातल्या भेगा एकूण ३०० मीटर भरतील.

खडी_डांबर

"सगळीकडे" म्हणणाऱ्या दोघांचंही ऐकू नका. काँक्रीटचं दुसरं कुणी सांगेल, मी डांबरापुरतं लिहितो.

जाळीदार भेगांत काहीही ओतू नका. तिथं खालचा खडीचा थर पाणी पिऊन नरम झालाय आणि वरचं डांबर चाकाखाली रोज वाकतंय. सीलंट त्याला उचलून धरत नाही. फुटलेल्या भागाच्या कडेपासून चारही बाजूंनी ३० सेंमी बाहेर चौकोन कापा, नरम थर काढा, नवी खडी थरांत दाबा, कापलेल्या उभ्या कडांना टॅक कोट (नवं मिश्रण चिकटावं म्हणून पातळ डांबराचा हात) लावा आणि मग डांबरी मिश्रण टाका. त्या दोन तुकड्यांचं मोजमाप भेगांच्या बिलात मिसळू देऊ नका.

उरलेल्या भेगा रुंदीवरून ठरवायच्या. ३ मिमीपेक्षा बारीक असतील तर गरम माल आत उतरतच नाही, वर नुसता काळा पट्टा राहतो. त्या सीलकोटवर (सगळ्या डांबरावर मारायचा पातळ संरक्षक थर) सोडा. ३ ते २५ मिमीला गरम ओतायचं रबरयुक्त सीलंट. त्याहून रुंद असेल तर खडीमिश्रित मास्टिक, कारण नुसतं सीलंट तेवढ्या रुंदीत चाकाखाली दबून खड्डा होतो.

राउटर लागतो, पण सगळीकडे नाही. पार्किंगला आडव्या जाणाऱ्या, ठरावीक अंतरावर आलेल्या भेगा तापमानाने पडतात आणि त्या वर्षभर उघडझाप करतात. हिशोब बघा: ६ मिमीची भेग थंडीत ३ मिमी उघडली तर आतला माल ५० टक्के ताणला जातो. तीच भेग कापून १५ मिमी केली तर तेच ३ मिमी म्हणजे २० टक्के. खाच कापायची ती एवढ्यासाठी. १५ मिमी रुंद आणि १५ मिमी खोल पुरते. डांबर घालतानाच्या दोन पट्ट्यांच्या जोडावरून जाणाऱ्या लांब भेगा फार हलत नाहीत, त्या साफ करून नुसत्या भरल्या तरी चालतं. डांबराचा थर ५० मिमीपेक्षा पातळ असेल किंवा कडा हाताने चुरगळत असतील तर राउटर लावूच नका, आणखी फोडून ठेवेल.

आता जुनं का निघालं ते. निघालेली एखादी पट्टी अजून पडली असेल तर उलटी करून बघा. खालच्या बाजूला करडी धूळ आणि बारीक वाळू चिकटलेली असेल तर माल धुळीला चिकटला होता, डांबराला नाही. कडा धरलेल्या आणि मध्येच फाटलेली असेल तर भेग अरुंद होती आणि माल झेपेल त्याच्यापुढे ताणला गेला. पहिला दोष सफाईचा, दुसरा खाचेचा. त्यातून डब्यातला थंड माल बहुतेक पाण्यात कालवलेला असतो, पाणी उडालं की तो आकसतो आणि भेग अर्धीच भरलेली राहते.

सफाईचा क्रम: गवत मुळासकट काढा (तणनाशक मारायचं तर काही दिवस आधी), मग तारेचा ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, ६ ते ७ बार. पानं उडवायचा ब्लोअर इथं पुरत नाही. कॉम्प्रेसरला तेल आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. नळीसमोर पांढरा कागद धरा, डाग पडला तर तीच हवा भेगेच्या कडांना तेल लावतेय. शेवटी लान्स, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारी लांब नळी. त्याने ओल जाते आणि कडा तापतात. कडा जराशा काळपट झाल्या की पुढे सरकायचं. धूर निघाला म्हणजे डांबर जळलं, आणि जळलेल्या कडेला काही धरत नाही. उघड्या ज्योतीचा गॅस टॉर्च म्हणूनच नको. लान्स फिरवल्यावर लगेच ओतायचं. अर्ध्या तासाने ओतलं तर तापवलेलं वाया.

माल बाहेरून तेलाचं आवरण असलेल्या आणि आत ढवळणी असलेल्या मेल्टरमध्येच वितळवावा. गोणीवर दोन आकडे छापलेले असतात: ओतायचं तापमान, साधारण १९० ते २०० अंशांच्या आसपास, आणि त्यावर न ओलांडायची मर्यादा. कमी तापलेला माल कडांना नीट भिडत नाही. जास्त तापलेल्यातलं रबर मोडतं, मग तो गुठळ्यांचा, तारा सुटणारा होतो. मेल्टरच्या मीटरवर विसंबू नका, माल ओतायच्या कांडीच्या मुखाशी मोजा. नळीतच बराच थंड होतो.

भेग तळापासून वर भरत आणायची आणि स्क्वीजीने (रबरी पात्याच्या खोऱ्याने) सपाट ओढायची. पट्टा ५० मिमी रुंद, २ मिमी जाड, त्याहून जास्त नको. पार्किंगमध्ये माणसं चालतात, ट्रॉल्या आणि चाकाच्या खुर्च्या जातात. जाड पट्टा पायाला लागतो आणि रुंद चकचकीत पट्टा ओला झाला की दुचाकी घसरते.

एक राहिलं. महामार्गाचा मऊ ग्रेड पार्किंगला घेऊ नका. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरतं, ऊन असलं की मऊ माल टायरला चिकटून उपटला जातो. एएसटीएम डी ६६९० या गरम ओतायच्या सीलंटच्या अमेरिकन मानकात चार प्रकार आहेत. चौथा कडाक्याच्या थंडीसाठीचा, तो उष्ण हवेत नको. पार्किंगसाठीचा कडक ग्रेड मागा आणि डेटाशीटवर मऊ होण्याचं तापमान बघा, ८० अंशांच्या खाली असेल तर परत पाठवा.

सांधेजोड

काँक्रीटचं मी सांगतो. डॉकवर गरम डांबरी माल नको. डिझेल आणि तेल सांडलं की तो मऊ होतो. शिवाय त्याचा तेलकटपणा काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो, उद्या तिथं सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन भरायचं म्हटलं तर सांधा पुन्हा कापल्याशिवाय धरत नाही.

डॉकचे सांधे: जुनं सीलंट पूर्ण काढा. कटर दोन्ही बाजूंना १ ते २ मिमी नवं काँक्रीट दिसेपर्यंत फिरवा. पाण्याने कापत असाल तर राडा ओला असतानाच धुवा, वाळला की त्याची पूड कडांना बसते आणि नवं सीलंट त्या पुडीवरून सोलून निघतं. कोरडं कापत असाल तर व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र आणि योग्य मास्क. सिलिकाची धूळ फुप्फुसातून परत येत नाही.

मग बॅकर रॉड (सीलंटखाली दाबायची फोमची गोल दोरी), सांध्याच्या रुंदीपेक्षा २५ टक्के जाड. १२ मिमीच्या सांध्याला १५ मिमीचा. तो बोथट चाकाने दाबायचा, स्क्रूड्रायव्हरने नाही. बंद पेशींच्या रॉडला भोक पडलं की आतली हवा सीलंटमध्ये बुडबुडे काढते, आणि दोष मालाला दिला जातो. रॉडचं खरं काम सीलंट तळाला चिकटू न देणं. दोन बाजूंनाच धरलेला माल रबराच्या पट्टीसारखा ताणतो; तळही धरला तर ताणायला जागा राहत नाही आणि तो कडेने सुटतो. तुमचं एका बाजूने सुटलंय ते उचकटून बघा, खाली रॉड नसेल अशी दाट शक्यता आहे.

सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, पण ६ मिमीपेक्षा कमी नको आणि १२ पेक्षा जास्त नको. वरची पातळी काँक्रीटच्या ३ मिमी खाली, म्हणजे उन्हाळ्यात सांधा मिटला तरी माल वर येऊन चाकाखाली जात नाही. सपाट जागी स्वतः पसरणारा प्रकार चालतो. उतारावर तो वाहून खालच्या टोकाला गोळा होतो, तिथं गनने भरायचा घट्ट प्रकार घ्या.

गोदामाचे सांधे वेगळे. फोर्कलिफ्टची चाकं लहान आणि टणक. मऊ सीलंट खाली दबतं, कड उघडी पडते आणि चाक तीच कड फोडतं. तिथं सेमी-रिजिड (अर्धवट कडक) पॉलियुरिया किंवा इपॉक्सी लागतं, कडकपणा शोअर ए मापावर ८० किंवा वर. इथं बॅकर रॉड घालायचा नाही. कटची पूर्ण खोली भरायची, थोडं वर येऊ द्यायचं आणि घट्ट झाल्यावर धारदार पात्याने फरशीच्या पातळीला तासायचं. फुटलेल्या कडा आधी चौरस कापून इपॉक्सी मॉर्टरने बांधा, त्यावर सांधा पुन्हा कापा, मग भरा. फुटक्या कडेवर नुसतं पॉलियुरिया ओतलं तर महिन्याभरात बाजूचं काँक्रीट तुटून निघतं. खांबांभोवतीचे सांधे मात्र कडक मालाने कधीच भरू नका, तिथं स्लॅब हलायला मोकळा हवा.

स्लॅबमध्ये वेड्यावाकड्या भेगा असतील तर भरण्याआधी त्या हलतात का ते तपासा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, तारीख टाका, अंतर मोजून ठेवा. दोन बाजू वरखाली झाल्या असतील तर सीलंटचा विषय संपला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

मेंटेनन्सवाला

पट्टी उलटी केली. खाली करडी धूळच आहे. डॉकच्या सांध्यात रॉड नाही, तळाला सीलंट घट्ट चिकटलंय.

गटाराच्या कडेची फट कशाने भरू? ती काही ठिकाणी ६० मिमी खोल आहे. आणि मालकांना वर सीलकोट हवाय, तो आधी की नंतर?

खडी_डांबर

त्या फटीला पहिला नंबर द्या. सगळ्या पार्किंगचं पाणी उताराने तिथंच येतं आणि तिथून खडीत उतरतं. डांबर आणि काँक्रीट वेगवेगळं आकसतं, त्यामुळे ती मिटायची नाही. गवत आणि माती काढून साफ करा, खोल जागी तळाला कोरडी वाळू किंवा उष्णता सोसणारा रॉड घाला, वर २० मिमी जागा ठेवा आणि गरम माल ओता. सांधेजोड म्हणतात तो साधा पॉलिथिनचा रॉड इथं चालत नाही, १९० अंशांच्या मालाखाली वितळतो.

सीलकोट नंतर. किती दिवसांनी ते सीलंटच्या डेटाशीटवर बघा, ताज्या चकचकीत पट्ट्यावर पाण्याचा सीलकोट नीट बसत नाही. आणि मालकांना आत्ताच सांगून ठेवा की पट्ट्यांवरचा सीलकोट बारीक तडकणार, रंगही जरा वेगळा दिसणार. खालचा माल ताणतो, वरचा थर ताणत नाही.

मोजपट्टी

मालाचा अंदाज. ३०० मीटर, सगळीकडे १५ बाय १५ ची खाच धरली तर ६७.५ लिटर. ५० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टा: ३० लिटर. एकूण ९७.५ लिटर. घनता १.१५ धरून ११२ किलो, वर १५ टक्के वाया, म्हणजे १३० किलोच्या आत. गटाराची कड यात नाही.

आता पट्टा १०० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड झाला तर नुसत्या पट्ट्यालाच १२० लिटर. म्हणून किलोवर दर ठरवला की पट्टे जाड होतात. मीटरवर ठरवला की सफाई घटते. मीटरवरच द्या, पण करारात खाचेचं माप, पट्ट्याची कमाल जाडी, कांडीच्या मुखाशी घेतलेलं तापमान आणि रिकाम्या गोण्यांची मोजणी लिहून घ्या. पहिल्या दिवशी १० मीटर करून थांबवा. थंड झाल्यावर चाकूने छोटा तुकडा उचकटा: माल फाटला तर काम पुढे चालू द्या, कडेवरून अखंड सोलून आला तर सफाई पुन्हा.

डॉकसाठी: १२ बाय ६ मिमीला मीटरमागे ७२ मिली, म्हणजे ६०० मिलीच्या सॉसेजमध्ये (गनमध्ये घालायच्या सीलंटच्या पाकिटात) ८ मीटर.

सांधेजोड

मोजपट्टी, ८ मीटर कागदावर. सांध्याची रुंदी सगळीकडे १२ राहत नाही, कापल्यावर १४ होते. ६ मीटर धरा.

मेंटेनन्सवाला

गाड्या कधी सोडायच्या? अर्धं पार्किंग बंद ठेवता येईल, तेही सकाळीच.

खडी_डांबर

माल हाताला थंड लागला आणि बोटाला चिकटला नाही की. घाई असेल तर वर बारीक कोरडी वाळू भुरभुरवा. पण पहाटेचं दव असेल तर सकाळी लवकर सुरू करू नका, वरून कोरडी दिसणारी भेग आत ओली असते. आतून वाफ निघाली की मालात फुगे येतात.

मेल्टरजवळ पाण्याची बादली ठेवा, पण मेल्टरसाठी नाही. भिजलेली गोणी आत टाकली तरी माल उसळून बाहेर येतो. बादली माणसासाठी. हातावर माल पडला तर लगेच थंड पाण्याखाली धरायचा, चिकटलेला माल ओढून काढायचा नाही, तसाच डॉक्टरकडे. लांब हातमोजे आणि तोंडावर शील्ड नसेल तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नका.