मदत हवी आहे: हंबनटोटाचं नेमकं काय लिहू?
मंडळी, जळगावात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ या देशोदेशी रस्ते-बंदरं बांधायच्या योजनेचा भारतावरचा परिणाम, या निबंधात गाडी अडलीय. त्यातला सीपेक (चीन-पाकिस्तान आर्थिक मार्ग) पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो म्हणून या योजनेच्या २०१७ च्या बीजिंग परिषदेला आपण गेलो नाही, इथवर ठीक. त्याच वर्षी श्रीलंकेने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे दिलं. सगळे त्याला ‘कर्जाचा सापळा’ म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. श्रीलंकेच्या डोक्यावर चीनच्या कर्जाशिवाय बाजारात रोखे विकून उचललेलं कर्जही होतंच. (बाबांनी रावेरच्या केळीबागेत ठिबकसाठी सोसायटीचं कर्ज काढलं, पण कंबर मोडली ती सावकाराच्या व्याजाने. तसंच काहीसं.) मग आपल्याला खरी झळ व्यापारात की समुद्री सुरक्षेत? २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला थांबलं, तेवढं उदाहरण पुरेल? आणि चाबहार (इराणमधलं, भारताने विकसित करायला घेतलेलं बंदर) कुठे घालू? सोमवारी निबंध द्यायचाय, कुणी सांगा ना.