वॉशिंग्टनच्या घरचेच गुलाम इंग्रजांना जाऊन मिळाले होते का?

प्रश्न: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर वाचते आहे. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचे गुलाम पळून शत्रूकडे गेले, असा ओझरता उल्लेख सापडला. खरं आहे का? आणि युद्ध हरल्यावर इंग्रजांनी त्यांना परत केलं असेल ना?

उत्तर १: खरं आहे. मला त्यातला हॅरी वॉशिंग्टन विसरता येत नाही. आफ्रिकेतून आणलेला हा माणूस माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीकाठच्या मळ्यावर, घोड्यांची देखभाल करायचा. १७७१ मध्ये पळाला, पण धरला गेला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रजांनी नेमलेला गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. हॅरीने पुन्हा पळ काढला. डनमोरच्या छावणीत देवीच्या साथीने माणसं पटापट मरत होती, तरी लोक येतच राहिले! १७८१ मध्ये इंग्रजांचं जहाज पोटोमॅक नदीतून वर आलं, तेव्हा माउंट व्हर्ननचे आणखी १७ जण त्यावर चढले.

परत करण्याबद्दल म्हणाल, तर युद्ध संपवणाऱ्या तहात तसं कलम होतंच. मे १७८३ मध्ये वॉशिंग्टनने इंग्रज सेनापती गाय कार्लटनकडे आपली ‘मालमत्ता’ मागितली. ज्यांना शब्द दिलाय त्यांना देणार नाही, नोंद ठेवतो, भरपाईचं नंतर पाहू, असं कार्लटनने सांगितलं. न्यूयॉर्क बंदरात झालेल्या त्या नोंदींत सुमारे ३००० नावं आहेत. हॅरी, वय ४३, सात वर्षांपूर्वी जनरल वॉशिंग्टनला सोडून आला. डेबोरा, वय २०, चेहऱ्यावर देवीचे वण, तीही माउंट व्हर्ननची.

उत्तर २: पण इंग्रजांचं एवढं कौतुक कशाला? डनमोर स्वतः गुलाम बाळगून होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज फौज वेढ्यात अडकली, तेव्हा आजारी काळ्या माणसांना त्यांनीच छावणीबाहेर हाकललं.

उत्तर १: अगदी बरोबर, आणि कौतुक मी इंग्रजांचं करतच नाहीये. त्यांना शत्रूचे मजूर तोडायचे होते, बस. जीव पणाला लावला तो पळणाऱ्यांनी, आणि दिलेला शब्द पाळायला लावला तोही त्यांनीच. हॅरी पुढे नोव्हा स्कोशियात (आजच्या कॅनडात) गेला, तिथून १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. ती वसाहत चालवणारी इंग्रज कंपनी जमिनीवर सारा लावू लागली, तेव्हा १८०० च्या बंडात तो तिच्याविरुद्धही उभा राहिला आणि हद्दपार झाला.

प्रश्नकर्ती: म्हणजे साठीच्या घरात असताना! आता डेबोराचं पुढे काय झालं तेही शोधते.