बंद कारखान्याच्या जागेतून बस, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी नवा रस्ता: छेद आधी की जमीन आधी?

आराखडा_२६:
लोखंड ओतकामाचा बंद कारखाना पाडलेल्या जागेतून ९०० मीटर लांब, २६ मीटर रुंद रस्ता आखायचा आहे. मधे दोन बस मार्गिका आणि दोन गाड्यांच्या, दोन्ही बाजूंना झाडं, सायकल मार्ग आणि पदपथ. जुन्या नकाशात ओतशाळा, जमिनीखालची डिझेल टाकी आणि मालगाडीचं सायडिंग (माल चढवण्या-उतरवण्याचा बाजूचा रूळ) दिसतं. चार बोअर घेतले, त्यांत १ ते २.५ मीटर भराव लागला: काळी वाळू, स्लॅग (धातू वितळवताना उरलेली मळी), विटांचे तुकडे.

तीन प्रश्न आहेत. जुनं काँक्रीट तिथेच फोडून खडी म्हणून वापरावं का? मऊ भरावाला चुन्याने ताकद आणावी का? आणि पदपथाला पाणी मुरणारे ब्लॉक घालावेत का? आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत काय कुठे बसेल याची आखणी, जवळपास पक्का झाला आहे.

मुरूम:
छेद पक्का करायची घाई करू नका. ९०० मीटरला चार बोअर म्हणजे सव्वादोनशे मीटरला एक, आणि कारखान्याच्या भरावात दहा मीटरवर माती बदलते. जुना नकाशा नव्या आखणीवर ठेवा. रेषेवर दर ५० मीटरला एक चाचणी खड्डा घ्या; टाकी, ओतशाळा आणि सायडिंगपाशी वेगळे, दाट खड्डे. बोअरपेक्षा खड्डा बरा, कारण विटा, पाइप, तेलाचा वास, गाडलेलं जोतं सगळं डोळ्यांना दिसतं.

चुन्याबद्दल: आधी मातीतलं पाण्यात विरघळणारं सल्फेट मोजा. ३,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३,००० भाग) आत असेल तर धोका कमी. ८,००० च्या वर गेलं तर चुन्याचा विचार सोडा. सल्फेट, चुना, चिकणमातीतलं अ‍ॅल्युमिनियम आणि पाणी एकत्र आलं की एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात आणि थर फुगतो. पाऊस पडेपर्यंत सगळं ठीक दिसतं, मग डांबरावर उंचवटे येतात.

स्लॅगचंही तसंच. भट्टीचं लोखंडी स्लॅग सहसा शांत असतं. पोलादाच्या स्लॅगमध्ये मात्र मोकळा चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) असतो. मॅग्नेशिया पाणी ओढून फुगायला वर्षानुवर्षं घेतो. ‘इतकी वर्षं पडून आहे, म्हणजे जुनं झालं’ हा तर्क चुकतो, कारण ढिगाच्या पोटातला खडा खणून फोडला की नवा पृष्ठभाग उघडा पडतो. फुगवट्याची चाचणी केल्याशिवाय ते फरसबंदीखाली घालू नका.

यंत्रांचे पाये मुळापासून काढायची गरज नाही. सबग्रेडच्या (रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीच्या) वरच्या पातळीखाली १ मीटरपर्यंत तोडा, कडा उतरत्या ठेवा आणि २०० ते २५० मिमीच्या थरांत दाबून भरा. सरळ उभी कड ठेवली तर एका बाजूला टणक, दुसऱ्या बाजूला खचणारं, आणि बरोबर त्या रेषेवर भेग येते.

पाणवाट:
पाणी मुरणारे ब्लॉक या जागेवर नकोत. पाणी मुरलं की भरावातले धातू आणि तेल धुऊन भूजलात जातात. पावसाचं पाणी झाडांच्या पट्ट्यात घ्यायचं असेल तर तळाला आणि बाजूंना १.५ मिमी एचडीपीई (टणक प्लास्टिक) अस्तर घाला, त्यावर छिद्रांचा पाइप आणि खडी, वर स्वच्छ माती. अस्तराच्या जोडांची चाचणी माती टाकण्याआधी करा. नंतर गळती शोधणं फार अवघड.

पाइपांच्या चरांकडे तर फार कमी लोक बघतात. वाळूने भरलेला चर म्हणजे दूषित पाण्यासाठी तयार नाली. ठरावीक अंतरावर आणि दूषित पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चिकणमातीचे बांध घाला. टाकीच्या परिसरात पिण्याच्या पाण्याला साधा पॉलिथिलीन पाइप चालत नाही, त्याच्या भिंतीतून पेट्रोलजन्य हायड्रोकार्बन आत झिरपतात. धातूचा पाइप घेतलात तर जोडातलं गॅस्केट नायट्राइलचं (तेलाला टिकणाऱ्या रबराचं) हवं, नाहीतर जोडातून तेच होईल. चर खणताना उपसलेलं पाणीही तपासल्याशिवाय गटारात सोडू नका.

चाकोरी:
छेदाचं गणित: एका बाजूला पदपथ २.५, सायकल २.०, झाडांचा पट्टा १.५, म्हणजे ६ मीटर. दोन बाजूंचे १२. बसला ३.५ च्या दोन आणि गाड्यांना ३.० च्या दोन मार्गिका, म्हणजे १३. उरला १ मीटर. रस्ता ओलांडायच्या जागी झाडांचे पट्टे अर्धा-अर्धा मीटर अरुंद करा, म्हणजे ओलांडणाऱ्यांना मधे उभं राहायला २ मीटरचा थांबा मिळतो. यापेक्षा अरुंद थांब्यावर ढकलगाडी किंवा सायकल उभी राहत नाही.

‘मुरूम’ यांच्या खड्ड्यांचा उपयोग इथेच आहे. झाडांना खोल, स्वच्छ माती लागते. ज्या बाजूला पाये दाट आहेत तिथे झाडांचा पट्टा ठेवला तर खणाई आणि विल्हेवाट दोन्ही वाढतात. त्या बाजूला बस मार्गिका सरकवा आणि झाडं मोकळ्या बाजूला न्या. छेद सममित दिसलाच पाहिजे असं काही नाही.

बसथांब्यावर डांबर नको, काँक्रीट पट्टी घाला. ब्रेक आणि उभ्या बसच्या वजनाने डांबर सरकून लाटा येतात. सायकल मार्ग थांब्याच्या मागून न्या. त्याला यंत्राने पसरलेलं डांबरच हवं, ब्लॉकच्या खाचांवर चाक थरथरतं.

सायडिंगचे रूळ आठवण म्हणून ठेवणार असाल तर सायकल ते ९० अंशाच्या आसपास ओलांडेल असा मार्ग वळवा. ६० च्या खाली चाक खाचेत अडकतं, ओल्या रुळावर तर हमखास.

आराखडा_२६:
छेद मागे घेतो, आधी खड्डे. फोडलेल्या काँक्रीटचं राहिलं.

मुरूम:
वापरा, पण फोडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, जिप्सम प्लास्टर आणि तेल मुरलेल्या लाद्या वेगळ्या करा. प्लास्टरमधून परत सल्फेट येतं. आणि तो माल पाझर पाइपाच्या भोवती घालू नका. त्यातून अल्कधर्मी पाणी निघतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडीचा पांढरा थर साचून पाइपाभोवतीचं गाळणीचं कापड आणि छिद्रं बुजतात. पाइपाभोवती नैसर्गिक खडी, फोडलेलं काँक्रीट मार्गिकांच्या खालच्या थरात.