अनुभव धागा : आज पळायचं कशासाठी? (सोलापूरकर धावकांनो, लिहा)

गेल्या रविवारी कंबर तलावापाशी बुटाची नाडी बांधत होते. शेजारी एक तरुण मुलगा स्ट्रेचिंग करत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, आज काय? टेम्पो, इंटरव्हल की लाँग?" म्हणजे सलग जोरात, मध्ये थांबत थांबत जोरात की लांबचं? म्हटलं, "काही नाही, नुसतं पळायचं." तो अगदी मनापासून म्हणाला, "मग एवढ्या लवकर कशाला उठलात?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय.

माझं सांगते. दोन वर्षं मी वहीत पळण्याची नोंद ठेवली. तारीख, अंतर, वेळ आणि शेवटचा रकाना 'उद्देश'. जानेवारीत हाफ मॅरेथॉन झाली, २१ किलोमीटर ठरवल्या वेळेत संपवले. त्यानंतर त्या रकान्यात लिहायला काही उरलं नाही. अलार्म व्हायचा, मी विचार करायचे, आज कशासाठी? उत्तर सापडायचं नाही आणि मी कूस बदलून झोपायचे. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी दूध संपलं म्हणून खाली उतरले, पिशवी हातात तशीच घेऊन विजापूर रोडला लागले आणि स्मृती उद्यानापर्यंत पळत गेले. परत येताना दूध घेतलं. त्या दिवशी वही उघडली नाही.

तुम्हाला काय वाटतं? प्रत्येक पळण्याला हेतू लागतो का?

होटगी रोडवरून

माझं मत तुमच्या उलट आहे. हेतू लागतोच. मी चार वर्षं रोज तेच ५ किलोमीटर त्याच वेगात पळत होतो. घामाघूम व्हायचो, समाधान वाटायचं, पण वेळ अर्ध्या मिनिटानंसुद्धा सुधारली नाही. एका जाणत्या मित्रानं सांगितलं, तू रोज मधल्याच वेगानं पळतोस बे. हळूच्या दिवशी हळू नाही आणि जोरात पळायच्या दिवशी पायात जोर नाही.

मग वाचायला लागलो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड पीटर स्नेलला आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळायला लावायचे. स्नेलची शर्यत कोणती, तर ८०० मीटर! दोन मिनिटांच्या आत संपणारी. १९६० साली रोममध्ये त्यानं सुवर्ण जिंकलं. बोलता बोलता पळता येईल अशा हळू वेगात पळालं की स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. हे कळल्यापासून मला हळू पळायची लाज वाटत नाही. सात रस्त्याजवळ ओळखीचे लोक पुढे निघून जातात, जाऊ देतो. आज माझं काम हळू पळण्याचंच आहे, हे मला माहीत असतं. हेतू काढून घेतलात तर मी परत त्याच मधल्या वेगावर येईन.

पूर्व भागातून, वय २२

मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. मैदानी चाचणी एकूण ५० ची. माझ्याकडे बिनकामाचं पळायला वेळ नाही, असंच मी समजत होते.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या कपड्यात गुंडाळलेली पानं. रोजच्या हजार विड्या. मागच्या भरतीत माझं थोडक्यात हुकलं. घरी आले आणि आईला म्हटलं, आता कशासाठी पळू? तिनं पान कापायचं थांबवलं नाही. म्हणाली, "प्रत्येक पानाला विचारत बसले असते, तू कशासाठी, तर हजार कधी झाल्या असत्या?"

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेले. स्टॉपवॉच घरीच ठेवलं. किती फेऱ्या झाल्या, आठवत नाही. त्यानंतर आठवड्यातला एक दिवस तसाच ठेवलाय. बाकीचे दिवस मात्र सेकंद न् सेकंद मोजते. होटगी रोडच्या दादांचं म्हणणं मला पटतं, आणि ताईंचंही.

सिद्धेश्वर तलावाजवळून

एप्रिल-मेमध्ये हेतूबितू बाजूला ठेवा. पारा चाळिशीच्या वर असतो, पहाटेसुद्धा भिंती गरम लागतात. अंग थंड ठेवायला शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, त्यामुळे त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. ठरवलेला वेग गाठायच्या हट्टापायी मला एकदा किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसावं लागलं होतं. आता उन्हाळ्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत जोरात, मग मन म्हणेल तितकं हळू, एवढंच करतो. १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी ही पद्धत काढली, फार्टलेक. शब्दाचा अर्थच वेगाचा खेळ.

जुळे सोलापूर

मी प्रत्येक पळणं परीक्षा केली. परिणाम, नडगीच्या हाडाला बारीक तडा. आठ आठवडे बंद. एवढंच लिहिते, कारण अजून आठवलं की रडू येतं.

धागाकर्ती

सगळं वाचतेय. जुळे सोलापूरच्या ताई, लवकर बऱ्या व्हा. होटगी रोडचे दादा, तुमचं वाचून माझी चूक कळली. किती जोरात पळायचं हे हेतूनं ठरवावं, मान्य. मी मात्र उठायचं की नाही हेही त्यालाच विचारत बसले.

अक्कलकोट रोड, वय ५८

मुलीनं हा धागा वाचून दाखवला, तीच टाइप करतीय. मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे, तेहतीस वर्षं झाली. लूम बंद झाला तरी कानात खटखट चालूच राहतंय. जेवताना, झोपताना, सगळीकडं. साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले चाला. कोजागरीला तुळजापूरला पायी जायची सवय होतीच, पंचेचाळीस किलोमीटर. रात्रभर लोकांचा लोंढा असतो, कुणी कुणाला कशासाठी चाललाय म्हणून विचारत नाही. मग चालता चालता पळायला लागलो.

घड्याळ नाही, बूट कॅनव्हासचे. पहाटे रस्ता मोकळा असतो. दोनेक किलोमीटर झाले की कानातली खटखट कमी कमी होत जाते आणि मग फक्त श्वास ऐकू येतो. आठ वाजता परत कारखाना. साखर कमी झाली, ते चांगलंच झालं. पण मी त्या आवाजासाठी जातो, म्हणजे तो नसतो त्यासाठी.

धागाकर्ती

काका, तुम्ही किती वाजता निघता?

अक्कलकोट रोड, वय ५८

पावणेपाचला. यायचं असेल तर अशोक चौकात थांबा, मी तिथूनच जातो.